‘बैत अतफाल अस्सुमूद’ गाझातला अनाथाश्रम नाही
‘बैत अतफाल अस्सुमूद’ हा संयुक्त राष्ट्रांनी गाझात चालवलेला अनाथाश्रम आहे, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ही स्वयंसेवी संस्था लेबनॉनमधली. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणारी संयुक्त राष्ट्रांची ‘उन्रवा’ ही संस्था वेगळी. तिची स्थापना १९४९ची.

१९७६ मध्ये बैरूतजवळच्या तेल अल-झातर या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीतील हत्याकांडानंतर पोरक्या झालेल्या मुलांना आसरा देण्यासाठी संस्था सुरू झाली, हे खरे. पण पुढे मुलांना आप्तांजवळच वाढू द्यायचे आणि त्या कुटुंबाला हातभार लावायचा, हा मार्ग तिने धरला. मला तोच अधिक माणुसकीचा वाटतो. छावण्यांत तिच्या बालवाड्या आहेत, दातांचे दवाखाने आहेत. बायकांना भरतकामाचा मोबदला मिळतो. लेबनॉनमध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांना कित्येक व्यवसाय बंद असल्याने ही कमाई फार मोलाची.