‘जंगल विरळ करा, आधी जाळा, वणवा तरी जातोच’: सॅटेलाईटच्या नावाने फिरणाऱ्या दाव्याला उत्तर

कॅलिफोर्निया-ओरेगॉनच्या वणव्यांवरचा एक मेसेज उन्हाळा आला की फिरायला लागतो. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांच्या ग्रुपमधून इकडे येतो आणि मग इथले जंगलप्रेमी ग्रुप तो उचलतात. सोबत सॅटेलाईटचा नकाशा, त्यावर लाल ठिपके, आणि मजकूर साधारण असा: अमेरिकेची फॉरेस्ट सर्व्हिस वणवा रोखायच्या नावाखाली झाडं कापते, मुद्दाम आगी लावते, पण सॅटेलाईटनेच सिद्ध झालंय की वणवा त्या कापलेल्या-जाळलेल्या भागातूनही सरळ निघून जातो, तेव्हा हा सगळा लाकूडतोडीचा धंदा आहे, जंगलाला हात लावू नका. शेवटी कुणीतरी आपल्याकडच्या जाळरेषाही (आग ओलांडून जाऊ नये म्हणून जंगलात आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे) बंद करा म्हणून जोडून देतं.

पाठवणारी माणसं जंगलावर जीव असलेलीच आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण मेसेज चुकीचा आहे आणि त्यातून होणारं नुकसानही जंगलाचंच आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी हे काम करतात कशाला ते थोडक्यात. पश्चिम अमेरिकेतल्या कोरड्या पाइनच्या जंगलांत पूर्वी दर काही वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग फिरायची, काही विजेमुळे लागलेली, काही तिथल्या आदिवासींनी स्वतः लावलेली. विसाव्या शतकात सरकारने प्रत्येक आग विझवायचं धोरण घेतलं, 1935 पासून तर नियमच होता की लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. मग काय, खाली पालापाचोळा, वाळक्या काटक्या साचत गेल्या, मोठ्या झाडांच्या बुंध्याशी फरच्या लहान झाडांची दाटी झाली, आणि आता आग लागली की त्या लहान झाडांवरून चढत थेट शेंड्यात जाते. म्हणून विरळणी करून ती लहान झाडं काढायची आणि नंतर हवा-ओलावा बघून खालचा कचरा मुद्दाम जाळायचा. लाकूड विकायला केलेली तोड आणि ही विरळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेसेजमध्ये दोन्ही एकच धरल्यात.

आता पहिला मुद्दा, ‘वणवा त्या भागातून गेलाच ना.’ हो, गेला, जाणारच. ती झाडं काढली ती वणवा अडवायला भिंत म्हणून नाही. आग शेंड्यातून उतरून जमिनीवर यावी, मोठी झाडं जगावीत, विझवणाऱ्यांना जवळ जाता यावं, एवढंच त्या कामाकडून अपेक्षित असतं. त्यामुळे आगीची बाहेरची हद्द दाखवणारा नकाशा या प्रश्नाला उत्तरच देत नाही, कारण हद्दीच्या आत सगळं सारखं जळालेलं असतं असं नाहीच, काही तुकडे तर अजिबात जळलेले नसतात. जळालं का हे न विचारता कसं जळालं ते विचारायला पाहिजे.

आणि ते सॅटेलाईटवरून खरंच कळतं, इथे जरा थांबून बघा. लँडसॅट या अमेरिकी सॅटेलाईटच्या चित्रातला एक पिक्सेल, म्हणजे एक चौकट, जमिनीवर 30 मीटर बाय 30 मीटरचा. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशापैकी निअर-इन्फ्रारेड हिरवं पान भरपूर परत फेकतं आणि आतल्या पाण्यामुळे शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड शोषून घेतं, जळून काळी-उघडी पडलेली जमीन याच्या बरोबर उलट वागते. दोन्हींचा फरक भागिले दोन्हींची बेरीज, हा झाला बर्न रेशो. उदाहरण म्हणून आकडे घ्या: आगीआधी पहिला 0.30, दुसरा 0.10, तर रेशो 0.5. आगीनंतर एका पिक्सेलमध्ये 0.12 आणि 0.24 मिळाले, रेशो उणे 0.33, म्हणजे फरक 0.83, तिथे बहुतेक सगळी झाडं मेलेली. शेजारच्याच पिक्सेलमध्ये 0.26 आणि 0.13, रेशो 0.33, फरक फक्त 0.17, म्हणजे खालचं गवत-पाला जळाला आणि झाडं उभी आहेत. साधारण 0.66 च्या वर गेलं की तीव्र धरतात, 0.27 च्या खाली सौम्य. मेसेजमधल्या नकाशात हे दोन्ही पिक्सेल एकाच लाल रंगात असतात!

दुसरा मुद्दा ठिपक्यांचा, ‘मोजून बघा, विरळणी केलेल्या भागातही तेवढेच ठिपके आहेत.’ ते ठिपके व्हीआयआयआरएस आणि मोडिस या सॅटेलाईटवरच्या, उष्णता टिपणाऱ्या सेन्सरचे आहेत. व्हीआयआयआरएसचा पिक्सेल 375 मीटरचा, मोडिसचा एक किलोमीटरचा, आणि नकाशावरचा ठिपका त्या पिक्सेलच्या मध्यावर काढलेला असतो, आग नेमकी तिथेच होती असं नाही. एका मोडिस पिक्सेलमध्ये लँडसॅटचे अकराशेच्या वर पिक्सेल बसतात. त्यात जमिनीवरून सरपटणारी आग आणि शेंड्यातली आग दोन्ही एकेकच ठिपका देऊ शकतात. अमुक भागात अमुक वेळेला काहीतरी गरम होतं एवढं ठिपका सांगतो, आणि आग लवकर कळायला तो फार कामाचा आहे, पण झाडं जगली का मेली हे त्याच्यावरून काढायला जाऊ नका. (आगीतून किती उष्णता बाहेर पडतेय याची सेन्सरची मोजणी पण मिळते, ती कुणी बघत नाही, फक्त ठिपके मोजतात.)

तिसरा मुद्दा बूटलेग वणव्याचा. जुलै 2021 मध्ये ओरेगॉनमध्ये विजेने लागलेला हा वणवा सुमारे 4 लाख 13 हजार एकरांवर गेला, आणि मेसेज म्हणतो की त्याने कामं केलेलं जंगलही खाल्लं. याच वणव्यात सायकन मार्श नावाची राखीव जागा होती, द नेचर कन्झर्व्हन्सी ही संस्था ती सांभाळते, तिथे क्लॅमथ आदिवासींच्या बरोबरीने वर्षानुवर्षं हे काम झालेलं. जिथे विरळणी आणि नंतर जाळणी दोन्ही झालेल्या तिथे आग खाली उतरली आणि मोठी झाडं वाचली. जिथे विरळणी झाली पण जाळणी लांबली, तिथे नुकसान जास्त झालं. आणि जिथे काहीच केलं नव्हतं तिथे सगळ्यात वाईट. एकाच आगीत तिन्ही प्रकार जवळजवळ, याच्यापेक्षा चांगली तुलना कुठे मिळणार?

इथे मेसेजमधलं एक अर्धसत्य मी मान्य करते, नुसती झाडं कापून भागत नाही. कापून फांद्या तिथेच टाकल्या तर जमिनीवरचं इंधन उलट वाढतं. 2024 मध्ये पश्चिम अमेरिकेतल्या सूचिपर्णी जंगलांवरच्या 40 अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात विरळणी अधिक जाळणी, किंवा नुसती नियंत्रित जाळणी, यांनी पुढच्या वणव्याची तीव्रता 62 ते 72 टक्क्यांनी कमी केलेली दिसली, नुसत्या विरळणीचा परिणाम त्याच्यापेक्षा कमी होता. आणि दहा वर्षांच्या वर गेलं की फायदा निम्म्याच्याही खाली येतो, म्हणजे एकदा करून विसरून जाण्यासारखं हे काम नाही. हे शास्त्रज्ञच सांगताहेत, लपवलेलं काही नाही, पण यातून ‘जाळणी वेळेवर करा’ असं निघतं, ‘हात लावू नका’ असं कसं निघेल?

चौथा, ‘कॅम्प फायर’ नावाचा कॅलिफोर्नियातला वणवा. नोव्हेंबर 2018, पॅराडाइज गाव, 85 माणसं गेली. मेसेज म्हणतो की गावाच्या पूर्वेचा भाग 2008 मध्ये जळालेला आणि नंतर तिथली झाडं तोडलेली, तरी आग तिथूनच धावत आली. खरंय, पण ती तोड जळालेलं लाकूड उचलायची होती, इंधन कमी करायची नव्हती, आणि मधल्या दहा वर्षांत तिथे गवत-झुडपं माजलेली. त्यात सुसाट कोरडा वारा, पाऊस लांबलेला. गावात शिरल्यावर तर आग घरावरून घरावर उडाली, कित्येक घरं राख झाली आणि शेजारची झाडं हिरवी उभी होती. घरांचे हवेचे झरोके, छपरं, भिंतीला टेकलेली झुडपं हा वेगळाच प्रश्न आहे, तो जंगलातल्या विरळणीने सुटत नाही आणि सुटेल असा दावा तरी कोण करतंय.

पाचवा मुद्दा जरा वजनदार आहे, म्हणून नीट बघू. 2016 मध्ये एक पेपर आला होता, 1984 ते 2014 मधल्या पंधराशे वणव्यांचा सॅटेलाईट डेटा घेतलेला, आणि निष्कर्ष असा की जास्त संरक्षित जंगलांत आगीची तीव्रता कमी होती. मेसेजमधलं ‘सॅटेलाईटने सिद्ध’ हे बहुतेक इथूनच आलेलं असतं. पण त्यात तुलना संरक्षणाच्या दर्जाची आहे, विरळणी-जाळणी झाली का नाही याची नाही. नॅशनल पार्क आणि तोडीचं जंगल यांच्यात उंची, झाडांची जात, ओलावा, लोकवस्ती, सगळंच वेगळं असू शकतं. शिवाय कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीसारख्या नॅशनल पार्कात तर 1970 च्या दशकापासून नियंत्रित जाळणी होते आणि त्यातल्याच इलिलूएट खोऱ्यात विजेने लागलेल्या बऱ्याच आगी जळू दिल्या जातात. म्हणजे ‘हात न लावलेलं’ म्हणून ज्याचं कौतुक चाललंय, तिथे आगीने खालचा कचरा साफ करायचं काम चालूच आहे.

मग बरोबर तुलना कशी करायची? 2023 मध्ये कॅलिफोर्नियावर एक अभ्यास आला, त्यात वीस वर्षांच्या सॅटेलाईट नोंदी घेऊन, हलकी आग फिरलेल्या जागांना हवामान, झाडोरा, जुन्या आगी या बाबतीत जुळणाऱ्या न जळालेल्या जागांच्या मिश्रणाशी ताडून बघितलं. सूचिपर्णी जंगलात पुढच्या वर्षी तीव्र आगीचं प्रमाण सुमारे 64 टक्क्यांनी कमी, आणि फायदा निदान सहा वर्षं टिकलेला. डेटा सॅटेलाईटचाच, पण ताडून कशाशी बघितलं यावर सगळं अवलंबून.

डेटाच्या मर्यादाही सांगून टाकते, नाहीतर मीही एकच बाजू सांगतेय असं होईल. विरळणी केलेल्या जागी मुळात झाडं कमी, त्यामुळे सगळी मेली तरी रेशोमधला फरक कमीच दिसतो, म्हणजे काम फुकट गेलं असलं तरी ते यशस्वी वाटू शकतं. म्हणून 2007 पासून आगीआधीच्या हिरवाईच्या प्रमाणात तोलून काढलेला रेशो वापरतात. दुसरं म्हणजे कामांच्या सरकारी नोंदी. नकाशावर अख्खा पट्टा ‘जाळणी पूर्ण’ म्हणून रंगवलेला असतो आणि प्रत्यक्षात त्यातले तुकडेच जळालेले असतात, तारखाही मागेपुढे. आणि दाट झाडाखालचा पाला वरून दिसतच नाही, त्यासाठी लायडार (लेझर किरण सोडून झाडोऱ्याची मोजणी) किंवा जमिनीवर जाऊन मोजणं, याला पर्याय नाही.

सहावा, ‘वणवा या विरळणी-जाळणी केलेल्या पट्ट्यांना भेटतच नाही.’ हा मेसेजमधला सगळ्यात खरा मुद्दा. 1999 ते 2013 मधल्या कामांपैकी पुढे वणवा पोचला तो 6.8 टक्के पट्ट्यांवर, म्हणजे बाकीच्यांची परीक्षाच झाली नाही. यावरून कामं कुठे करायची, किती मोठी करायची यावर जरूर भांडा, तिथे भांडायला खूप जागा आहे. पण ज्यांच्यावर आग आलीच नाही त्यांना फेल कसं म्हणणार.

सातवा, निसटलेल्या आगी. न्यू मेक्सिकोत 2022 मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसनेच लावलेली आग हाताबाहेर गेली, हर्मिट्स पीक-काफ कॅन्यन वणवा झाला, 3 लाख 41 हजार एकर आणि शेकडो कुटुंबांची घरं गेली. याला काही उत्तर नाही, चूक ती चूकच, जंगल किती कोरडं होतं याचा अंदाज चुकला होता. देशभरातली जाळणी तेव्हा 90 दिवस थांबवली होती. फॉरेस्ट सर्व्हिस वर्षाला सरासरी 4,500 आगी लावते आणि त्यांच्याच आकड्यानुसार 99.84 टक्के ठरल्याप्रमाणे पार पडतात, पण ज्यांचं घर गेलं त्यांना हा आकडा ऐकवून उपयोग नाही, त्यांना भरपाई आणि पुढच्या वेळी जास्त काळजी पाहिजे.

राहिल्या आपल्या जाळरेषा. जाळरेषेचं काम आग अडवायचं, अमेरिकेतल्या विरळणीचं काम वेगळं आणि जंगलही वेगळं, तेव्हा तिकडचे 62-72 टक्के इकडच्या सागाच्या पानझडी जंगलाला लावता येत नाहीत आणि तिकडचं अपयशही नाही. आपल्याकडे भारतीय वन सर्वेक्षणाचे आगीचे अलर्ट येतात तेही त्याच व्हीआयआयआरएसवरून, त्यामुळे फेब्रुवारीत वनमजुरांनी जाळलेली रेषा आणि एप्रिलमध्ये मोहफुलांसाठी लावलेल्या आगीतून पेटलेला डोंगर, नकाशावर दोन्हींचे ठिपके सारखेच. मेळघाटावरून लँडसॅट तोच जातो, 2008 पासून त्याचा डेटा फुकट आहे, आणि कुठल्या बीटात (वनरक्षकाच्या हद्दीत) कुठली रेषा कधी जाळली याच्या तारखा वनविभागाकडे असतात. जाळरेषा बंद करा म्हणणाऱ्यांनी या दोन गोष्टी आधी एकमेकींवर ठेवून बघाव्यात.