केनियातल्या शाळेला पुण्यातून पैसे कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. केनियातल्या ख्रिस्ती धर्मादाय शाळांना मदत कशी करावी, या लेखावर तुम्ही चार आक्षेप घेतलेत. पुण्यातली मुलं सोडून आफ्रिका कशाला? मिशनची शाळा म्हणजे धर्मांतर. परदेशी पैशावर एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याचा) बडगा आहेच. आणि चौथा, पैसे मुलांपर्यंत पोचतात कशावरून? चौथा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

एफसीआरएचं आधी मिटवू. तो कायदा परदेशातून भारतात येणाऱ्या पैशाचा आहे. इथून बाहेर जाणारी देणगी फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याची सोय) जाते. मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर, म्हणजे आपल्यासारख्यांना ती कधीच आडवी येत नाही.

धर्मांतराचा प्रश्न पुण्यात कुणी झटकून टाकू नये. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवा आणि मुलींची शाळा काढली आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. पैसा बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा, तिकडच्या माणसांनी वर्षाला एकेक डॉलर देऊन जमवलेला. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वाद पेटला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. माझ्या मते त्या भांडणाच्या मुळाशी एकच गोष्ट होती: पालकांना आधी काय सांगितलं होतं आणि आत काय चाललं होतं. म्हणून शाळेला पहिलं पत्र लिहाल त्यात विचारा की प्रार्थनेला न बसणाऱ्या मुलाला जेवण आणि प्रवेश मिळतो का, आणि हे प्रवेश अर्जावर लेखी आहे का. केनियात २०१९ च्या जनगणनेनुसार शंभरातले सुमारे ८५ लोक ख्रिस्तीच आहेत, त्यामुळे पश्चिमेकडच्या काउंट्यांत (तिकडच्या जिल्ह्यांत) हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. गरिसा, वाजिर, मंदेरा या मुस्लिमबहुल भागांत मात्र तो विचारायलाच हवा. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे पाठवू नका.

आता पैसे पोचण्याचं. लोक मुलाचा फोटो आणि आभाराचं पत्र बघून समाधान मानतात. त्यातून काहीच सिद्ध होत नाही, शिवाय एकाच वर्गात एकाला परदेशी 'पालक' आणि शेजारच्याला नाही, हे मुलांना लागतं. देणगीदाराने एकेका मुलाचा खर्च उचलायच्या दत्तक-योजनेने मुलं जास्त शिकतात हे खरं आहे: २०१३ च्या एका अभ्यासात भारतासह सहा देशांत अशी मुलं सुमारे एक ते दीड वर्ष जास्त शिकलेली दिसली. पण ती योजना चालवणारी संस्था मोठी, पुरा कारभार असलेली होती. दोनशे पटाच्या शाळेला ते झेपत नाही. तिच्या जेवणाला आणि शिक्षकांच्या पगाराला पैसे द्या. हे दोन्ही खर्च मोजता येतात.

कसे, ते बघा. दुपारच्या गिथेरीला (मका आणि घेवडा एकत्र शिजवतात) मुलामागे साधारण १५० ग्रॅम मका, ४० ग्रॅम कडधान्य आणि ५ ग्रॅम तेल धरतात. २०० मुलांना रोज ३० किलो मका लागला. तिकडचं पोतं ९० किलोचं, म्हणजे तीन दिवसांना एक. सुट्ट्या वगळून सत्राचे ६० दिवस धरले तर २० पोती मका आणि सव्वापाच-साडेपाच पोती घेवडा. शाळेच्या हिशोबात ३५ पोती दिसली तर १५ कुठे गेली हे विचारा. आठच दिसली तर एक तर जेवण रोज होत नाही किंवा पट फुगवलेला आहे. त्यासाठी पावतीबरोबर हजेरीपटाच्या त्याच आठवड्याच्या पानाचा फोटो मागवा.

मका कसा ठेवतात हेही विचाराच. दाण्यात ओल १३.५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. २००४ मध्ये पूर्व केनियात त्याने ३१७ जण आजारी पडले, १२५ दगावले. पोती फरशीवर नकोत, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून लांब हवीत. ओल बघायचं यंत्र नसेल तर कोरड्या बाटलीत मूठभर मका आणि कोरडं मीठ घालून हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, तो मका पुन्हा उन्हात घालायचा.

वह्या-पुस्तकांची खोकी पाठवू नका. १९९० च्या दशकात पश्चिम केनियाच्या बुसिया भागात एका डच ख्रिस्ती संस्थेने शाळांना पाठ्यपुस्तकं दिली. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी मोजलं तर सरासरी गुण वाढलेच नव्हते. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना, कारण पुस्तकं इंग्रजीत आणि इंग्रजी बहुतेकांची तिसरी भाषा. याच क्रेमरना २०१९ मध्ये अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत नोबेल मिळालं.

कागद तीन मागवा: शिक्षण खात्याचं नोंदणीपत्र, शिक्षकांचे टीएससी क्रमांक (टीएससी म्हणजे तिथला शिक्षक सेवा आयोग, प्रत्येक शिक्षकाची त्याच्याकडे नोंद लागते) आणि खातं शाळेच्या नावाचं, दोन सह्यांनी चालणारं आहे असं बँकेचं पत्र. पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) वैयक्तिक खात्यावर पैसे कधीच नाहीत, माणूस कितीही देवभोळा असो.

बँकेत फॉर्म ए-२ (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) भरताना काउंटरवरून 'कुटुंबाचा निर्वाह' असा कोड सुचवला गेला तर नाही म्हणा. परदेशी धार्मिक-धर्मादाय संस्थेच्या देणगीचा कोड एस १३०३ आहे, आणि चुकीचा कोड म्हणजे तुमच्या सहीचं खोटं निवेदन. वर्षभरात सगळं मिळून दहा लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) कापला जात नाही. ८०जीची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकराची सवलत मात्र मिळणार नाही, ती इथल्या संस्थांपुरतीच आहे. चर्चच्या ट्रस्टच्या खात्यातून एलआरएसखाली पाठवता येत नाही, योजना व्यक्तींसाठी आहे. दरमहा दोन-दोन हजार पाठवले तर बँकेचं पाठवण्याचं शुल्क आणि मधल्या बँकेची कपात निम्मी देणगी खाऊ शकते. त्यापेक्षा तीन घरांनी भिशीसारखी पाळी लावावी: एका सत्राचं एका घराने, आपल्याच पॅनवर, एकरकमी. आणि 'सर्व आकार पाठवणाऱ्याकडे' हा पर्याय निवडावा, नाहीतर शाळेच्या हातात कमी रक्कम पडते आणि पोत्यांचा हिशोब जुळत नाही.

राहिला पुण्यातल्या मुलांचा मुद्दा. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर इथल्या शाळेला द्या, मी वाद घालणार नाही. पण बॉस्टनमध्येही गरीब मुलं होतीच, तरी तिथला एकेक डॉलर पुण्यात आला. त्या वेळी कुणी 'आधी बॉस्टन' म्हणाला असता तर शारदा सदन उभं राहिलं नसतं.

तिकडे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि पश्चिम केनियात मका नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुगीला स्वस्त असतो, मे-जूनमध्ये चढतो. म्हणून कागद सप्टेंबरात मागवावेत, पैसे नोव्हेंबरात जावेत. तुमच्या माहितीतली एखादी शाळा असेल तर पटसंख्या, सत्राचे दिवस आणि पोत्यांचा आकडा इथेच खाली लिहा, हिशोब मांडून दाखवतो.