एक वर्ष बाकावर

२०१६ ची एनसीएए फायनल, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची अंतिम मॅच, ह्यूस्टन. ७४-७४. घड्याळात ४.७ सेकंद उरलेले, सगळं स्टेडियम उभं. आणि व्हिलानोवा कॉलेजचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, डॅनियल ओचेफू हातात मॉप घेऊन स्वतः फरशी पुसतोय! ज्या जागी त्याला स्क्रीन लावायची होती, म्हणजे अडवणाऱ्याच्या वाटेत उभं राहून आपल्या माणसाला मोकळं करायचं होतं, तिथे घाम सांडला होता. पुसून झालं, स्क्रीन लागली, आर्चिडियाकोनोने चेंडू मागून येणाऱ्या जेंकिन्सकडे सोडला आणि थ्री, म्हणजे लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट, आत. ७७-७४.

ओचेफू कॉलेजच्या चौथ्या वर्षाला होता. आर्चिडियाकोनोही. असल्या क्षणी फरशीकडे लक्ष जायला चार वर्षं लागतात, असं मला मनापासून वाटतं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या इथल्या मराठी मित्रांच्या ग्रुपवर दर वसंतात होणारा वाद. मी फिलाडेल्फियाजवळ राहतो, व्हिलानोवा घरापासून फार लांब नाही. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, उघडलं की ग्रुपवर एकच सूर: "पैसे टाका, चार-पाच तयार खेळाडू उचला, टीम झाली." मला हे पटत नाही.

२०१८ ची व्हिलानोवा बघा. फायनलमध्ये मिशिगनला ७९-६२ असं धुतलं. त्या टीममधल्या किती जणांनी आधी जवळजवळ एक अख्खं वर्ष बाकावर काढलं होतं? मिकल ब्रिजेस आला तेव्हा किडकिडीत होता, २०१४-१५ मध्ये त्याला रेडशर्ट केलं. म्हणजे रोजचा सराव, वजनं, वर्ग, सगळं करायचं, पण मॅच खेळायची नाही. खेळायची चार वर्षं तशीच शिल्लक राहतात. डॉन्टे डिव्हिन्चेन्झोचं पाऊल मोडलं, २०१५-१६ गेलं. एरिक पास्कल फोर्डहम सोडून आला, तेव्हाच्या नियमाने तेच वर्ष बसला. पुढच्या वर्षी फिल बूथ गुडघ्यामुळे बाहेर आणि ओमारी स्पेलमन प्रवेशाच्या नियमात अडकलेला. पाच जण!

आणि बसले म्हणजे नुसते टाळ्या वाजवत नव्हते. २०१६ च्या सेमीफायनलआधी सरावात ओक्लाहोमाच्या बडी हील्डचं सोंग कोणी घेतलं? डिव्हिन्चेन्झोने. रोज हील्डसारखं धावायचं, हील्डसारखे शॉट मारायचे, म्हणजे आपल्या पोरांना त्याला अडवायची सवय होईल. मॅचमध्ये हील्डला ९ पॉइंट मिळाले, व्हिलानोवा ९५-५१ ने जिंकली. दोन वर्षांनी हाच डिव्हिन्चेन्झो फायनलमध्ये बाकावरून उठून आला आणि त्याने ३१ पॉइंट केले.

मुलं निवडतानाच ही पारख लागते. प्रशिक्षक जे राइट यांनी स्वतः सांगितलंय की २००९ मध्ये फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीम, गाठल्यानंतर ते मोठ्या नावांच्या मागे लागले आणि चुकले. २०११-१२ मध्ये टीम १३ विजय, १९ पराभव इथवर आली. मग आला आर्चिडियाकोनो, जवळपासच्याच शाळेतला, पाठीच्या ऑपरेशनमुळे शाळेचं शेवटचं वर्ष न खेळलेला.

दुसरा रस्ता नाहीच असं नाही. केंटकीने २०१२ साली अँथनी डेव्हिससारखी पहिल्या वर्षाची पोरं घेऊन विजेतेपद मिळवलं. पण तीच केंटकी २०१५ मध्ये सलग ३८ मॅच जिंकून विस्कॉन्सिनच्या जुन्या-जाणत्या पोरांकडून हरली.

खेळाडूंना पैसे मिळायला लागले, हे योग्यच झालं. त्यांच्या जिवावर कॉलेजं वर्षानुवर्षं कमावत होती. टीम बदलल्यावर सक्तीने बसवायचा नियम गेला, त्याचंही मला दुःख नाही, तो अन्यायच होता. माझा राग वेगळाच आहे. आज ब्रिजेससारखं पोरगं आलं तर त्याच्यासाठी एक वर्ष थांबायला कोण तयार आहे? प्रशिक्षकाला उद्या निकाल हवा, घरच्यांना आज खेळायची मिनिटं हवीत. २०२५ च्या विजेत्या फ्लोरिडाचं उदाहरण मला ग्रुपवर हमखास देतात. क्लेटन, मार्टिन, रिचर्ड हे खेळाडू दुसऱ्या कॉलेजांतून आले, मान्य. पण क्लेटन तिथे दोन वर्षं खेळला, आणि बास्केटजवळच्या ताकदीत मोठा वाटा होता काँडन आणि हॉ यांचा. दोघेही पहिल्या वर्षापासून फ्लोरिडातच, तेव्हा दुसऱ्या वर्षाला.

माझा मुलगा दहावीत आहे. यंदा त्याला मोठ्या टीममध्ये घेतलं नाही, तेव्हा घरी येऊन म्हणाला, "बाबा, शाळा बदलू या का?" ओळखीच्या दोन घरांनी हेच केलंय, त्यामुळे त्याला हे अगदी सरळ वाटत होतं. मी नाही म्हणालो. खूप रडला, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला झोप लागली नाही. माझं चुकत असेल का, हा विचार अजून येतो.

गेल्या आठवड्यात त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला मोठ्या टीमच्या सरावाला बोलावलं, समोरच्या शाळेच्या गार्डची, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूची, नक्कल करायला. परवा संध्याकाळी तो फोनवर त्या गार्डचे व्हिडिओ पुन्हापुन्हा लावून बसला होता. मग उठला आणि ड्राइव्हवेवर जाऊन अंधार पडेपर्यंत डाव्या हाताने ड्रिबल करत राहिला. तो गार्ड डावखुरा आहे.