पंचेचाळीसच घ्या!

तर पिस्तूल घ्यायचं तुमचं ठरलंय. अमेरिकेत येऊन बारा वर्षं झाली, ग्रीन कार्ड हातात पडलं, डॅलसच्या उत्तरेला चार बेडरूमचं घर झालं, आणि परवा गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की रात्री एक अनोळखी माणूस दाराशी उभा होता. (तो पार्सलवाला होता, हे सकाळी कळलं. पण तो मेसेज कुणी वाचत नाही.) तेव्हा घरात पिस्तूल हवंच. सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटली की पुढची आपोआप नळीत) हवं, मोठ्या बोअरचं (रुंद नळीचं) हवं आणि परवडायलाही हवं. बरोबरच आहे, कांदे घेतानाही आपण हेच म्हणतो: मोठे द्या आणि स्वस्त लावा.

ग्रीन कार्ड अजून नसेल, एच-१बीवर असाल, तरी हिरमुसू नका. कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायला मनाई आहे खरी, पण तिला एक देखणा अपवाद आहे: शिकारीचा परवाना. म्हणजे जो माणूस केकमध्ये अंडं आहे का विचारून मग घास घेतो, त्याने शिकारीचा परवाना काढला की तो सरकारच्या लेखी भरवशाचा झाला.

आता आकडा, म्हणजे नळीच्या भोकाचं माप. आकडा मोठाच असला पाहिजे, यात तडजोड नको. नऊ मोठे की पंचेचाळीस, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. नऊ हे मिलिमीटर आहेत आणि पंचेचाळीस हे इंचाचे शंभरावे भाग, म्हणजे सगळे मिळून साडेअकरा मिलिमीटरच्या आतच, ही बारीकसारीक गोष्ट पार्टीत काढू नये. त्याहून वाईट म्हणजे अकरावीचं फिजिक्स. नऊ एमएमची गोळी साधारण आठ ग्रॅमची आणि सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जाणारी. पंचेचाळीसची गोळी पंधरा ग्रॅमची, पण जाते दोनशे साठ मीटरने. अर्धा एम व्ही वर्ग करून पाहिलंत तर दोघींची ऊर्जा पाचशे ज्यूलच्या आगेमागे येते. म्हणून म्हणतो, करून पाहू नका. दुकानातल्या माणसाने ‘नऊ एमएमच घ्या’ असा सल्ला दिला, तर त्याला आपण नवखे वाटलो असं समजून घरी जा आणि दाढी वाढवून परत या.

आणि एफबीआयचं उदाहरण कुणी तोंडावर फेकलं तर ऐकू आलं नाही असं दाखवा. १९८६ साली मायामीत झालेल्या चकमकीत त्यांचे दोन एजंट मारले गेले, तेव्हा त्यांनाही मोठ्या बोअरची ओढ लागली होती. दहा एमएम घेतलं. ते खरोखरच जोरदार निघालं, इतकं की कित्येक एजंटांच्या हातात ते आवरेना. मग काडतुसातली दारू कमी केली. दारू कमी केल्यावर काडतूस एवढं लांब कशाला, म्हणून ते आखूड केलं आणि १९९० साली पॉइंट फोर्टी, म्हणजे इंचाच्या चाळीस शतांशाचं काडतूस, जन्माला आलं. २०१४ साली त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने लिहून दिलं की नऊ एमएम पुरेसं आहे, माणसं त्याने जास्त नीट नेम धरतात. एवढा मोठा फेरा मारून निघाले तिथेच परत! ते सरकारी नोकर, त्यांना वेळ असतो. तुम्ही फेऱ्याच्या मधल्या टप्प्यावरच थांबा.

पंचेचाळीसला इतिहास आहे, आणि आपल्या लोकांना इतिहास असलेली वस्तू आवडते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन सैन्य फिलिपाइन्समध्ये मोरो लोकांशी लढत होतं. (त्यांच्याच देशात, त्यांच्यापासून स्वतःचं रक्षण करत. स्वसंरक्षणाची ही व्याख्या लक्षात ठेवा, टेक्सासात उपयोगी पडते.) हातातलं अडतीसचं रिव्हॉल्व्हर गोळ्या घालूनही माणूस थांबवत नाही, अशी तक्रार आली. मग १९०४ साली थॉम्पसन आणि ला गार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि इतरत्र मानवी प्रेतांवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि निष्कर्ष काढला: पंचेचाळीसच्या खाली नको. त्यातून ब्राउनिंगसाहेबांचं १९११ हे पिस्तूल आलं. तुम्ही नेम धरणार त्या शास्त्राचा पाया असा शिकागोच्या गाई-बैलांनी घातलेला आहे.

आणि आता मौज पाहा. आज १९११ घडणीचं पंचेचाळीस पाचशे डॉलरच्या आसपास हवं असेल, तर दुकानदार बहुधा तुमच्यासमोर फिलिपाइन्समध्ये बनलेलं ठेवेल. मनिलाजवळच्या मारिकिनाचा कारखाना, नाव मात्र अस्सल अमेरिकन: रॉक आयलंड. ज्या देशातल्या माणसांना थांबवायला हे काडतूस जन्माला आलं, तोच देश आता ते झाडायचं यंत्र तुम्हाला रास्त भावात पुरवतो. आपल्याकडे मँचेस्टरच्या कापडाचं जे झालं त्याच्या नेमकं उलटं.

पाचशेही जड जात असतील तर ओहायोचं हाय-पॉइंट आहे. दोनशे डॉलरच्या आसपास पंचेचाळीस, आणखी काय हवं? महागड्या पिस्तुलात गोळी सुटताना नळी आणि वरची स्लाइड (मागेपुढे सरकणारा भाग) क्षणभर एकमेकींत अडकून राहतात, दाराला कडी असावी तशी. हाय-पॉइंटमध्ये कडीच नाही. दार उघडू नये म्हणून मागून पाटा टेकवून ठेवलाय. स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची आणि इतकी बोजड की पिस्तूल एक किलोच्या घरात जातं. गोळ्या संपल्या तरी वस्तू वाया जात नाही, लसूण ठेचता येतो. कंपनी दिलदार आहे. २०१९ साली त्यांनी नव्या पिस्तुलाचं नाव लोकांनाच सुचवायला सांगितलं. लोकांनी ‘यीट कॅनन’ सुचवलं, म्हणजे साधारण ‘भिरकावायची तोफ’. आधी जरा का-कू केली, पण शेवटी तेच ठेवलं.

याहून स्वस्तात उतरू नका, असं मी म्हणणार होतो. पण तुम्ही मराठी माणूस, तुम्ही विचारणारच. तर लॉस एंजेलिसच्या आसपास एके काळी स्वस्त पिस्तुलांच्या कंपन्यांचं एक कडंच होतं. त्यांतली एक ब्रायको. तिच्या एका पिस्तुलातली गोळी काढायची तर आधी सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला खटका) काढावी लागे. म्हणजे निर्धोक करण्यासाठी आधी धोकादायक करा. १९९४ साली कुणीतरी असं निर्धोक करायला गेलं आणि सात वर्षांचा एक मुलगा मानेखाली लुळा पडला. २००३ साली ज्युरीने कंपनीला कोट्यवधी डॉलरची भरपाई द्यायला लावली, कंपनीने दिवाळं काढलं. तो मुलगा आणि त्याचा वकील लिलावात उतरले. उरलेला माल विकत घेऊन वितळवून टाकायचा होता. बोली हरले. कंपनी गेली तिच्याच जुन्या फोरमनकडे, ५ लाख १० हजार डॉलरला. परवडणारी वस्तू कुणाला तरी परवडतेच.

असो. वस्तू घरी आली की नेमबाजीच्या रेंजवर एकदा तरी जा. मीही गेलो होतो, भाड्याच्या पंचेचाळीससह. पहिली गोळी झाडण्याआधीच माझे डोळे मिटले, हे मला बायकोने नंतर सांगितलं. मनगट वर उडालं, कागदावरचा माणूस ढिम्म उभा, भोक त्याच्या डाव्या गुडघ्यापाशी. दुसऱ्या गोळीचं रिकामं पितळी टरफल उडालं ते थेट माझ्या कॉलरच्या आत. ते किती गरम असतं म्हणता? तव्यावरून उतरवलेल्या पुरणपोळीचा तुकडा पाठीवर ठेवून पाहा. हातात भरलेलं पिस्तूल, दोन्ही बाजूंना अनोळखी लोक, आणि मी गोंधळ्यासारखा नाचतोय. रेंजवाला शांतपणे मागून आला, माझं मनगट पकडून नळी समोर वळवली आणि म्हणाला, “सर, पुढच्या वेळी टी-शर्ट.” बायकोने शेजारच्या लेनवर बावीसचं चिमुकलं पिस्तूल घेतलं होतं. पाचही गोळ्या वाटीएवढ्या जागेत. तो कागद तिने फ्रिजवर लावलाय.

सराव करा असं सगळे सांगतील. पण पंचेचाळीसचं काडतूस नऊ एमएमच्या दीडपट-दुपटीला पडतं. दोनशे डॉलरचं पिस्तूल आणि दर शनिवारी पन्नास-शंभर गोळ्या, असा हिशोब मांडलात तर दिवाळीपर्यंत पिस्तूल फुकट आणि गोळ्या महाग अशी गत होते. म्हणून बहुतेक सुज्ञ लोक एक डबा आणतात, पाच झाडतात आणि उरलेल्या पंचेचाळीस जपून ठेवतात.

घराच्या भिंतींची काळजी नको. आपल्याकडच्या नऊ इंची विटांच्या नाहीतच त्या, अर्ध्या इंचाच्या जिप्समच्या दोन पाट्या आणि मध्ये पोकळी. चुकलेली गोळी बैठकीतून निघून जेवणघर, न्हाणीघर असं करत मुलांच्या खोलीपर्यंत विनासायास जाते. अमेरिकेत सगळंच कसं मोकळंढाकळं.

राहता राहिला तो चोर. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या २६,३२८ जणांवर कुणा परक्याने गोळी झाडली नव्हती, त्यांनीच ती स्वतःवर झाडली. आपला रात्रीचा चोर या हिशोबात कुठे बसतो ते शोधू नका, खरेदीचा मूड जातो. आणि घरात दार लावून बसणारा, जेवायला चारदा हाक मारल्यावर येणारा सोळा वर्षांचा मुलगा असेल, तर हा परिच्छेद वगळून पुढे चला.

पुढे म्हणजे तिजोरी. ती मात्र घ्यावी लागते, आणि चांगली तिजोरी हाय-पॉइंटहून महाग मिळते. मी आकड्यांच्या कुलपाची घेतली. (होय, घेतलं शेवटी. पंचेचाळीसच. नऊ एमएम घेतलं असतं तर ग्रुपवर काय सांगितलं असतं?) कपड्यांच्या कपाटात, बायकोच्या पैठण्यांमागे ती बसवली. कोड म्हणून आमच्या लग्नाची तारीख ठेवली, म्हणजे ती मला आठवणार नाही आणि पिस्तूल सुरक्षित राहील.

खंडेनवमीला शस्त्रपूजा असते. यंदा चौरंगावर सुरी, इस्त्री, दोन लॅपटॉप आणि गाडीची किल्ली मांडून मी मोठ्या उत्साहाने कपाट उघडलं. कोड दाबला. काही नाही. बायकोला तारीख विचारली, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सांगितली. ती दाबली, तरी काही नाही. कुलपाची बॅटरी संपली होती. जादा किल्ली असते अशासाठी. ती मी हरवू नये म्हणून तिजोरीतच ठेवली होती. तेव्हा पैठण्या बाजूला सारल्या, तिजोरीच्या दारावर हळदकुंकू लावलं आणि झेंडूची दोन फुलं वर ठेवली. ती घसरून खाली बुटांत पडली.