साडेचार लाख भरा आणि जर्मनीला चला? मामांच्या फॉरवर्डला उत्तर

रविवारी सकाळी नाइट ड्यूटी संपवून घरी आले तर मोबाईलवर मामांचे अकरा मिस्ड कॉल. मिरजेत कुणाचं तरी काहीतरी झालं, या धास्तीने बूटही न काढता फोन लावला. झालं काहीच नव्हतं. मामांच्या ग्रुपवर एक पोस्ट आली होती, सोबत कुठल्याशा एजन्सीची पीडीएफ, आणि मामेबहिणीचा जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा यंदाच संपल्यामुळे सोमवारी पैसे भरायचं ठरलंसुद्धा होतं. पैसे पतसंस्थेचे, घर तारण ठेवून.

हीच पोस्ट आठवड्याभरात मला आणखी तिघांनी पाठवली. तिच्यात म्हटलंय ते असं: जर्मनीत नर्सला महिना साडेतीन लाख हातात. जर्मन भाषा फक्त बी-वन पातळीपर्यंत, तीन महिन्यांत होते. भरती महाराष्ट्र शासन आणि जर्मनी यांच्या करारातून, सरकारमान्य. एकूण खर्च फक्त ४,५०,०००, पहिल्या दोन पगारांत वसूल. राहणं-खाणं मालकाकडे. सहा महिन्यांत नवराबायको एकत्र.

मी सहा वर्षं इथे जर्मनीत नर्स आहे. क्रमाने जात नाही, डोकं जिथे जास्त फिरलं तिथून सुरू करते.

ते साडेचार लाख. मामांना मी एवढंच विचारलं, "हे कशाचे?" म्हणाले, "अगं, प्रोसेसिंगचे. एवढे तर लागतातच." नाही लागत, मामा. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटाने उमेदवाराकडून सेवाशुल्क किती घ्यायचं, हे आपल्याच देशाच्या एमिग्रेशन नियमांत लिहिलंय: जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. म्हणजे ३५,४००. परराष्ट्र मंत्रालय हे पुन्हा पुन्हा सांगतं. नोंदणीकृत एजंटांची यादी त्याच मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. मी बघितली. पीडीएफमधलं नाव त्यात नाही. "शासकीय नोंदणी क्रमांक" म्हणून खाली ठळक छापलाय तो २७ ने सुरू होणारा पंधरा अक्षरी जीएसटी नंबर. तो मिरजेत आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीकडेही आहे.

यावर एजंटाचं उत्तर ठरलेलं: हे सेवाशुल्क नाही, हे "भाषा, डॉक्युमेंटेशन आणि काउन्सेलिंग पॅकेज". क्लासचे पैसे क्लासला द्यावेत, पावती घेऊन, जेवढा क्लास झाला तेवढेच. काउन्सेलिंग म्हणजे तर दोन झूम कॉल.

हे नवं नाही. २०१५ मध्ये कोचीच्या एका एजन्सीने कुवेतला जाणाऱ्या नर्सेसकडून १९,५०० रुपयांऐवजी साडेएकोणीस लाखांच्या आसपास घेतल्याचं प्रकरण सीबीआयकडे गेलं. फक्त शून्यं वाढवली होती. त्याच वर्षी केंद्राने आखाती आणि इतर मिळून अठरा देशांतली नर्सभरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असा नियम केला. जर्मनी त्या अठरांत नाही, म्हणून आता सगळी दुकानं इकडे वळलीत.

आणि त्या पीडीएफचं पान चार! पोस्ट पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही ते उघडलेलं नसणार. मूळ गुणपत्रिका आणि नर्सिंग कौन्सिलचं मूळ प्रमाणपत्र एजन्सीकडे जमा करायचं. दोन कोरे चेक सही करून द्यायचे. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर सात लाख दंड. हे खर्चाच्या रकान्यात कुठेच दिसत नाही, पण सगळ्यात महाग हेच आहे. मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात असले तर मुलगी सांगलीतल्या दवाखान्यातसुद्धा अर्ज करू शकत नाही. मन बदललं, परीक्षा हुकली, घरी कुणी आजारी पडलं, तरी पोरीने कपाटाची किल्ली असलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसायचं. एकही मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. मी मागे एकदा एका एजन्सीकडे माझे दिले होते. परत मिळवायला पाच महिने आणि एका वकिलाची नोटीस लागली.

सरकारमान्य म्हणाल, तर करार खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, दहा हजारांचा आकडा जाहीर झाला. त्या योजनेत भाषा शिकवण्याचा खर्च शासनाचा होता. ती पुढे कशी चालली हा वेगळा विषय. पण त्या कराराचं नाव घेऊन कुणी साडेचार लाख मागत असेल तर तो करार दाखवत नाहीये, तुम्हाला गंडवतोय. केरळने डिसेंबर २०२१ पासून 'ट्रिपल विन' ही नर्सभरतीची योजना चालवलीय, जर्मनीची जीआयझी ही संस्था आणि तिथलं सरकारी रोजगार खातं मिळून. त्यात नर्सला पैसे पडत नाहीत, भरतीचा खर्च जर्मन मालकाने उचलायचा. जर्मनीत नर्सभरतीसाठी न्याय्य भरतीचा एक सरकारी शिक्का आहे, त्याचीही अट हीच. घरच्यांनी एजन्सीला पहिला प्रश्न तो शिक्का आहे का, हाच विचारावा.

भाषेचं अर्धसत्य मान्य करते, नाइलाजाने. बी-वनवर विमानात बसता येतं, ट्रिपल विनमध्येही निघताना तेवढंच लागतं. पण नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारणपणे बी-टू, म्हणजे त्याच्या वरची पातळी लागते. शून्यापासून तिथवर पोचायला जर्मन शिकवणारं गटे इन्स्टिट्यूट ६०० ते ८०० तासिका सांगतं, एक तासिका ४५ मिनिटांची. तीन महिन्यांत बसवा बघू, ड्यूटी करून. मला चौदा महिने लागले, आणि बोलण्याच्या भागात मी एकदा नापास झाले. त्या चौदा महिन्यांत निम्मा पगार बुडाला, पुण्यात कॉट बेसिसवर राहिले, परीक्षेची फी पुन्हा भरली. हा खरा खर्च. तो पोस्टमध्ये नाही, कारण त्यातून एजंटाला काही सुटत नाही.

आता साडेतीन लाख. आकडा अगदीच हवेतला नाही. वृद्धसेवेत मान्यताप्राप्त नर्सला जुलै २०२५ मध्ये तासाला किमान २०.५० युरो ठरले. आठवड्याला ३९ तास धरले तर महिन्याला साडेतीन हजार युरोच्या जवळ, आणि युरोला शंभर रुपये धरले की साडेतीन लाख. पण हा कागदावरचा पगार. एकट्या माणसाचा कर, पेन्शन, आरोग्यविमा, बेकारी आणि शुश्रूषाविमा कापून तेविसशेच्या आसपास उरतात. शिवाय हा दर मान्यता मिळाल्यावरचा. ती मिळेपर्यंत तुम्ही मदतनीस. तो दर तेव्हा तासाला १६.१० युरो, हातात एकोणीसशेच्या आसपास. मान्यतेसाठी परीक्षा द्या किंवा प्रशिक्षणाचा काळ पूर्ण करा, यात महिने जातात. माझं वर्ष गेलं. दहा वर्षं आयसीयू केलेल्या बाईने वर्षभर लोकांचे दात घासले. त्या कामात कमीपणा नाही, पण हे आधी सांगायला हवं होतं.

राहणं मालकाकडे म्हणजे बहुतेक ठिकाणी पहिले काही महिने एक खोली, भाडं पगारातून कापून. पुढे स्वतःचं घर. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत घेता येतं. माझं पहिलं घर उघडलं तर स्वयंपाकघर नव्हतं. म्हणजे खोली होती, पण ओटा नाही, सिंक नाही, छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. इथे जुना भाडेकरू ओट्यासकट सगळं उपसून नेतो. दोन महिने मी न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून कुकर घासला. शिवाय टीव्ही असो-नसो, दर घरामागे रेडिओ-टीव्हीचे महिना १८.३६ युरो.

नवराबायकोचा मुद्दा सोडून देते. मामेबहिणीचं लग्नच ठरायचंय.

मग जाऊच नये का? जावं की! नर्सेसची टंचाई खरी आहे, काम मिळतं, वेळेवर पगार होतो, रजा खरोखर मिळते. काही एजन्सी प्रामाणिकपणे कागद लावून देतात, विमानतळावर घ्यायलाही येतात. त्यांचं बिल हॉस्पिटल भरतं, घर तारण ठेवणारे मामा नाही. बी-टू हातात असेल तर माझ्या वॉर्डातल्या दोन केरळी मुलींसारखं थेट हॉस्पिटलला अर्ज करून येता येतं. मामेबहिणीला तेच सांगितलं: आधी ए-वनचा, म्हणजे पहिल्या पातळीचा क्लास लाव, आवडलं तर पुढचं बघू.

सोमवारी पतसंस्थेत कुणी गेलं नाही. रात्री मामांचा फोन आला. आवाज जरा खाली. "अगं, पण टोकन म्हणून पंचवीस हजार दिलेत गेल्या आठवड्यात. त्यांचं काय?"

पावती मागायला सांगितलीय. आज सहावा दिवस. एजंट म्हणे, साहेब बाहेरगावी आहेत.