आंब्याची पेटी आणि तीनशे अक्षरं

मी तीस वर्षं कचेरीत इंग्रजी मसुदे लिहिले. साहेब बदलत गेले, माझं इंग्रजी बदललं नाही. 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड हिअरविथ' हे माझं आवडतं वाक्य. 'एन्क्लोज्ड' म्हणजे सोबत आणि 'हिअरविथ' म्हणजेही सोबतच, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण सरकारी कागद एकटादुकटा जाऊ नये, असं आपलं मला वाटायचं.

निवृत्तीनंतर देवगड तालुक्यातल्या घरी आलो. चार कलमं आहेत, आई आहे, रेंज अधूनमधून आहे. यंदा मे महिन्याच्या दोन तारखेला नागपूरच्या मेव्हण्याला पाच डझनांची हापूसची पेटी धाडली. कुरिअरवाल्याने तीन दिवसांचा वायदा केला होता. पेटी नवव्या दिवशी पोचली. मेव्हण्याने फोटो पाठवला, त्यात पेंढा तेवढा ओळखू येत होता.

तक्रार म्हणे फक्त वेबसाइटवर घेतात, तीही इंग्रजीत. मला काय, आनंदच झाला. इतक्या वर्षांनी हात मोकळा करायची संधी! चष्मा पुसला आणि सुरुवात केली : 'विथ ड्यू रिस्पेक्ट, द अंडरसाइन्ड बेग्ज टु ब्रिंग टु युअर काइंड नोटिस...' लिहिता लिहिता अक्षरं उमटेनाशी झाली. मला वाटलं, नेहमीप्रमाणे लाइट गेली. लाइट होती. चौकटीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की तक्रार तीनशे अक्षरांत बसवा. माझी तीनशे संपली होती आणि आंबा अजून आलाच नव्हता.

पुतणी सुट्टीला आलेली. पुण्यात एका कंपनीत लोकांचं इंग्रजी तपासते, म्हणजे आमच्या घराण्याचं नाव तिने टिकवलं आहे असा माझा समज होता. ती पडवीत हाताला खोबरेल तेल चोपडून फणसाचे गरे काढत होती. म्हणाली, "काका, वाचून दाखवा बघू."

मी कागदावरचा पूर्ण मसुदा वाचला. 'हॅड मेड अ डिस्पॅच ऑफ वन बॉक्स'पाशी तिने गरा खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही केलंत काय?"

"पेटी पाठवली."

"मग 'सेंट' लिहा."

"नुसतं 'सेंट'?"

"नुसतं."

दारात पाहुणा यावा आणि आपण बनियनवरच पुढे व्हावं, तसं मला झालं. पण तिने थांबायचं नाव घेतलं नाही. 'मेड अ टेलिफोनिक एन्क्वायरी'चं 'कॉल्ड' झालं. 'केम टु द कन्क्लुजन दॅट' सरळ कापलं, कारण आंबे सडलेत हा काही मी विचारांती काढलेला निष्कर्ष नव्हता, वास येत होता. 'वेअर फाउंड टु बी इन अ रॉटन कंडिशन'चं 'रॉटेड'. शेवटी मी मोठ्या मायेने लिहिलं होतं, 'काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक.' त्यावर ती म्हणाली, "काका, 'रिव्हर्ट' म्हणजे मूळपदावर जाणं. उत्तर देणं हा अर्थ आपल्या कचेऱ्यांनी दिलाय. आणि कुठलाही अर्थ घ्या, 'बॅक' त्याच्या पोटातच आहे."

मी वाद घातला. म्हटलं, यात माझा दोष नाही, मराठीचा आहे. आपल्याकडे निर्णय घ्यावा लागतो, भेट द्यावी लागते, चौकशी करावी लागते. नाम एका हातात आणि क्रियापद दुसऱ्या हातात धरूनच आपण चालतो. इंग्रजाकडे 'डिसाइड', 'व्हिजिट' अशी एका हातात मावणारी क्रियापदं आहेत, पण आपला दुसरा हात रिकामा राहतो, मग त्यात आपण 'मेक' नाहीतर 'टेक' धरतो. हे तिला पटलं. तरी खोडलं ते खोडलंच.

वर म्हणाली, याच सवयीला इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली एका निबंधात क्रियापदांचे नकली अवयव म्हटलं होतं. लाकडी पाय लावून चालल्यासारखं वाक्य. हा ऑर्वेल जन्मला १९०३ मध्ये बिहारात, मोतीहारीला. बाप सरकारच्या अफू खात्यात. पोर वर्षाचं असतानाच आईने इंग्लंडला नेलं. राहिला असता बापाच्या कचेरीत चिकटून, तर त्यानेही 'डू द नीडफुल'च लिहिलं असतं, असं मी पुटपुटलो.

एवढा वेळ आई जपमाळ ओढत ऐकत होती. आईचं इंग्रजी शिक्षण तारेवर झालेलं. पूर्वी मुंबईच्या चाकरमान्याला इथून तार जायची ती 'मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली'. शब्दागणिक पैसे पडत. 'मेक अ स्टार्ट' लिहिणाऱ्याला घरच्यांनी पोस्टातच धरलं असतं. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली आणि माझ्यासारख्यांना रान मोकळं मिळालं. ती माळ न थांबवता म्हणाली, "आंबे कुसले, पैशे देवा. झाला मां! ह्येका इतको वेळ?"

दोन बायकांपुढे माझी तीस वर्षं अशी गेली. पण एकदा कापायचं ठरल्यावर मीही मागे राहिलो नाही. कोयता हातात आला की माणूस कुंपणाबरोबर जास्वंदही छाटतो. 'रिटर्न बॅक'मधला 'बॅक' उडवला, 'रिपीट अगेन'मधला 'अगेन' उडवला, आणि त्याच झपाट्यात कंपनीला दिलेल्या शेवटच्या धमकीतला 'अप'ही उडवला. 'आय विल नॉट गिव्ह अप' होतं, ते 'आय विल नॉट गिव्ह' झालं. पुतणी तेलकट हातांनी डोकं धरून बसली. मी हार मानणार नाही, याचं मी देणार नाही असं झालं होतं, आणि पैसे तर मला घ्यायचे होते! तिथला 'अप' हा क्रियापदाचा अवयवच असतो, अस्सल, लाकडी नव्हे. कुठला पाय कुठल्या जातीचा हे ओळखण्यातच सगळी मेख आहे म्हणे. शेवटी धमकीच काढून टाकली.

उरलं ते एवढं : 'आय सेंट फाइव्ह डझन मँगोज टु नागपूर ऑन २ मे. यू प्रॉमिस्ड थ्री डेज. दे टुक नाइन अँड रॉटेड. आय कॉल्ड फोर टाइम्स. नोबडी आन्सर्ड. प्लीज रिफंड माय मनी.' दीडशेच्या आसपास अक्षरं. निम्मी चौकट रिकामी पाहून माझा जीव खालीवर होत होता, तिथे निदान एक 'हिअरबाय' सहज बसला असता. पुतणीने बटण दाबलं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. 'वुई आर करंटली इन द प्रोसेस ऑफ अंडरटेकिंग अ डिटेल्ड रिव्ह्यू ऑफ युअर कन्सर्न अँड शॅल रिव्हर्ट बॅक टु यू अपॉन कम्प्लीशन ऑफ द सेम.'

पुतणी भडकली. मी मात्र मोबाइल हातात घेऊन दोनदा वाचलं. हा माझाच हात. फाइल मंजूर झाली की आमच्याकडून एका ओळीचं पत्र जायचं, 'सँक्शन्ड'. फाइल कपाटाखाली सापडत नसली की मी लिहायचो, 'द मॅटर इज अंडर ॲक्टिव्ह कन्सिडरेशन', आणि अर्जदार जितका चिवट तितकी मी क्रियापदं वाढवत न्यायचो. त्या कुरिअरच्या ऑफिसात कुणीतरी शिकलेला माणूस बसला होता. 'हिअरविथ' तेवढं राहिलं होतं.

"पैशे इले?" आतून आईने विचारलं.

"प्रोसेसमध्ये आसत," मी म्हटलं.