अनुदानाच्या प्रस्तावात शिक्षकाच्या वेळेचा रकाना हवाच

परवा एका प्रस्तावाचा मसुदा माझ्याकडे वाचायला आला. विषय नेहमीचाच, महाविद्यालयीन अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर. टॅब, रेकॉर्डिंगची खोली, सर्व्हर, सॉफ्टवेअरचे परवाने, प्रत्येकाला स्वतंत्र ओळ आणि पुढे आकडा. हे सगळं वर्गात वापरणाऱ्या शिक्षकांच्या वेळेसाठी मात्र एकही ओळ नव्हती. "त्यांचे तास कोण घेणार?" असं मी विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, ते करतील ॲडजस्ट."

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय, म्हणून लांबलचक लिहितेय. माझं ठाम मत आहे की असे प्रकल्प यंत्रं कमी पडल्यामुळे फसत नाहीत. शिक्षकाचा वेळ गृहीत धरला जातो आणि अनुदान संपल्यावर पुढे काय हे कुणी ठरवलेलंच नसतं, म्हणून ते फसतात.

मी स्वतः अशा एका प्रकल्पात राबले आहे. भौतिकशास्त्राच्या अवघड संकल्पनांची ॲनिमेशन्स करायची होती. पैसे तीन वर्षांचे. दिवसभराचे तास संपवून आम्ही चौघं संध्याकाळी बसायचो. लाटांच्या व्यतिकरणाचं, म्हणजे दोन लाटा एकमेकींवर आल्या की काय होतं त्याचं, एक ॲनिमेशन माझं फार लाडकं होतं. दोन स्रोतांमधलं अंतर माऊसने ओढलं की पडद्यावरचे पट्टे जवळ यायचे, लांब जायचे. मुलं ते पुन्हा पुन्हा ओढून बघायची. तिसरं वर्ष संपलं, कोड लिहिणारा मुलगा दुसऱ्या नोकरीला लागला. सगळं फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये, केलेलं होतं आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशच बंद झालं. पुढच्या सत्रात मी वर्गात ती फाइल उघडली तर नुसता राखाडी चौकोन. आमच्यातल्या कुणाच्याही हातात तो दुरुस्त करण्याची सोय नव्हती.

हेच संकट 'फेट'वरही आलं होतं. फेट म्हणजे विज्ञानाची सिम्युलेशन्स, पडद्यावर हाताळता येणारे प्रयोग, तयार करणारा प्रकल्प. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या या प्रकल्पाची सुरुवात २००२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी केली. आदल्या वर्षी मिळालेल्या नोबेल पारितोषिकाच्या रकमेतला काही भाग त्यांनी त्यात घातला, सोबत नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेचं अनुदान. त्यांचीही जुनी सिम्युलेशन्स जावा आणि फ्लॅशमधलीच. पण त्यांच्याकडे ते काम करणारी माणसं टिकून होती. त्यांनी एकेक सिम्युलेशन एचटीएमएल५ मध्ये, म्हणजे कुठल्याही ब्राउझरला थेट कळणाऱ्या भाषेत, नव्याने लिहून काढलं. आज ती मोबाइलवरही चालतात.

फेटची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांची चाचणीची पद्धत. विद्यार्थ्याला सिम्युलेशनसमोर बसवायचं, सूचना जवळजवळ द्यायच्याच नाहीत, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं आणि त्याचा हात कुठे थबकतो ते बघत राहायचं. मग बदल, मग पुन्हा नवा विद्यार्थी. यातलं एकही काम यंत्र विकत घेऊन होत नाही. तिथे कुणीतरी तासन् तास शांतपणे बसून बघावंच लागतं.

त्यांचं विद्युत मंडलाचं सिम्युलेशन मी वर्गात वापरते. एका मुलीची पक्की समजूत होती की पहिला बल्ब थोडी वीज 'खातो', म्हणून दुसऱ्याला कमी मिळते. ही चूक जगभरच्या विद्यार्थ्यांमध्ये सापडते. तिने बॅटरीला दोन बल्ब एकसरीत जोडले आणि वायरमधून सरकणाऱ्या निळ्या ठिपक्यांकडे बघत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मॅडम, बल्बच्या पुढेही हे तेवढ्याच वेगाने जातायत." मी विचारलं, "मग खाल्लं काय?" त्या एका प्रश्नावर आमची पंधरा मिनिटं गेली. प्रवाह तोच राहतो, बल्ब ऊर्जा घेतो, हे तिने तिच्या शब्दांत मलाच समजावलं. सिम्युलेशन उत्तमच आहे, पण नेमक्या त्या वेळी मी तिच्या शेजारच्या स्टुलावर होते. त्या दिवशी माझे पाठोपाठ चार तास असते, तर नसते.

हा धडा नवा नाही. सत्तरच्या दशकात याच नॅशनल सायन्स फाउंडेशनने संगणकावरच्या शिक्षणाचे दोन मोठे प्रकल्प पोसले, 'प्लेटो' आणि 'टिकिट'. दोघांचं मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घेतलं. टिकिटवर गणित शिकणाऱ्यांपैकी ज्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला ते वर्गातल्या मुलांपेक्षा पुढे निघाले, पण पूर्ण करणारेच फार कमी होते. बाकीचे वाटेतच गळाले. आज ऑनलाइन कोर्सेसच्या गळतीबद्दल आपण जे बोलतो, ते तेव्हाच कागदावर आलेलं होतं.

याउलट अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाचं 'मॅथ एम्पोरियम' बघा. १९९७ मध्ये एका रिकाम्या डिपार्टमेंट स्टोअरच्या जागेत पाचशेच्या वर संगणक मांडले. मुलं आपल्या गतीने गणितं सोडवतात. अडलं की संगणकावर लाल कप ठेवायचा. मदतनीस फिरत असतात, कप दिसला की येतात. त्या अख्ख्या दालनात मला महत्त्वाचा वाटतो तो कप, कारण तो दिसल्यावर चालत येणाऱ्या माणसाचा पगार कुणीतरी आधीच हिशोबात धरलेला आहे.

प्यू ट्रस्ट या अमेरिकी धर्मादाय संस्थेने १९९९ मध्ये ८८ लाख डॉलरचा एक कार्यक्रम सुरू केला. तीस संस्थांनी प्रत्येकी एक मोठा अभ्यासक्रम मुळापासून नव्याने मांडायचा, आणि शिक्षण सुधारलं का व खर्च किती झाला, दोन्ही मोजायचं. तीसपैकी २५ ठिकाणी विद्यार्थ्यांचं शिकणं स्पष्टपणे सुधारलं, उरलेल्या पाचांत पूर्वीइतकंच राहिलं. खर्च सरासरी ३७ टक्क्यांनी उतरला. कारण अर्ज करतानाच शिक्षकाचे तास कशावर जातात ते लिहून काढावं लागत होतं. तयारीला किती, तपासणीला किती, शंकांना किती. यंत्राचं काम यंत्राला दिलं आणि वाचलेले तास मुलांकडे वळवले. वेळ मोजलाच नाही तर तो वळवणार कसा?

फेटवाल्या वाइमननी पुढे २००७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात तर बराचसा पैसा माणसांवरच लावला. पैसे विभागांना दिले. विभागांनी विषय जाणणारे, अध्यापनाचा अभ्यास असलेले तरुण पीएचडीधारक नेमले. ते प्राध्यापकांच्या सोबत बसून अभ्यासक्रम बदलत.

अनुदान देणाऱ्यांची अडचण मला कळते. टॅब मोजता येतात, त्यांचा फोटो निघतो, लेखापरीक्षणात दाखवता येतात. एका शिक्षिकेचा आठवड्यातला एक तास कमी केला तर फोटो कशाचा काढणार? शिवाय पगार हा संस्थेचा प्रश्न, असंही म्हणतात. पण ज्या कामासाठी पैसे देता ते काम त्याच तासात होणार असेल, तर तो तास हा प्रकल्पाचाच खर्च आहे. आणि शिक्षकांना "ॲडजस्ट करा" म्हणणं हा अन्याय आहे, हे मी स्पष्टच लिहिते. रात्री जागून केलेलं काम पहिल्या वर्षी दिसतं, तिसऱ्या वर्षी थकतं.

तो मसुदा मी काल परत पाठवला. टॅबची संख्या निम्मी केली आणि पेन्सिलीने दोन ओळी वाढवल्या: 'सहभागी शिक्षकांचा प्रत्येकी आठवड्याला तीन तासांचा कार्यभार कमी, बदली शिक्षकांच्या मानधनासह' आणि 'अनुदान संपल्यानंतर पाच वर्षांची देखभाल, जबाबदार व्यक्तीचं पद नमूद करावे'. ज्यांच्याकडे असे प्रस्ताव चालू आहेत त्यांनी या दोन ओळी खुशाल उचलाव्यात. शब्दरचनेला मदत हवी असेल तर इनबॉक्समध्ये लिहा, मी बसेन सोबत.